वेताळाची ओरिजिनल पट्टी घेतली त्याची गोष्ट (माझा अनुभव)

आधीच सांगतो, मी कोणी मोठा कलेक्टर वगैरे नाही. न्यू जर्सीत राहतो, आयटीत आहे, घराचा हप्ता चालू आहे, मुलगी कॉलेजला जायच्या बेतात आहे. पण लहानपणी साताऱ्यात एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून बाबा इंद्रजाल कॉमिक्स आणायचे, दोन-अडीच रुपयांना, आणि तेव्हापासून वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, तो जंगलातला मास्कवाला हिरो, डोक्यात बसलाय तो बसलाय. नंतर इथे आल्यावर कळलं की त्या चित्रांचे मूळ कागद, म्हणजे आर्टिस्टने ज्यावर शाईने काढलं तेच बोर्ड, विकत मिळतात. छापील अंक हजारो असतात, हा कागद जगात एकच. मला वाटायचं असलं सगळं म्युझियममध्ये असतं. कसलं काय, बरंचसं लोकांच्या कपाटात असतं.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनला एका डीलरच्या टेबलावर पहिलं पान घेतलं. साल बुसेमा नावाच्या आर्टिस्टने काढलेलं हल्कचं, सत्तरच्या दशकातलं, १८० डॉलर. साधं पॅनल पेज, म्हणजे आतलं चौकटींचं पान, ना त्यात कोणाची एंट्री ना कोणाचा मृत्यू, हल्क एक भिंत पाडतोय आणि दोन शिपाई पळतायत. बायको म्हणाली १८० डॉलरचा ब्लॅक अँड व्हाइट कागद? मी म्हटलं अगं ओरिजिनल आहे. ती म्हणाली बरं. तिच्या ‘बरं’मध्ये काय काय असतं ते लग्न झालेल्यांना कळेल.

मग वेताळाची डेली, म्हणजे पेपरातली रोजची दोन-तीन चौकटींची पट्टी, शोधायला लागलो. ली फॉकने फँटम १९३६ ला सुरू केला, आधी रे मूर काढायचा, मग विल्सन मॅककॉय आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत साय बॅरी. आपल्या पिढीने इंद्रजालमध्ये पाहिलेला वेताळ बहुतेक करून साय बॅरीचाच, ती रुंद छाती, तो मास्क, डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. पेपरात सोमवार ते शनिवार रोज एक पट्टी यायची म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर झाल्या, तेव्हा वाटलं एवढ्या असतील तर स्वस्त असणार. आणि होत्याच स्वस्त, पण वेताळ नसलेल्या! बऱ्याच पट्ट्यांमध्ये नुसते दोन कोटवाले लोक टेबलाशी बोलत बसलेले असतात. मास्क घातलेला वेताळ तिन्ही चौकटींत हवा, शक्यतो कवटीची गुहा (त्याचं घर) हवी, त्याचा जंगलातला दोस्त गुरान असला तर सोन्याहून पिवळं, असं म्हणायला लागलात की भाव लगेच वर.

२०१६ मध्ये एका ऑनलाइन लिलावात अगदी मनासारखी एक आली. मी जास्तीत जास्त ४०० डॉलरची बोली टाकून झोपलो. सकाळी बघतो तर ४२५ ला गेलेली. एका पायरीने! तेव्हा मित्रांना ऐटीत सांगितलं, ४०० च्या वर देणारे मूर्ख आहेत, मार्केट खाली येईल तेव्हा घेऊ. हे वाक्य लक्षात ठेवा.

मार्केट खाली आलं नाही. करोनात सगळे घरी बसले, हातात पैसा, समोर स्क्रीन. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’चं मूळ कव्हर गेलं ३२ लाख युरोच्या आसपास, आपले साधारण २८ कोटी. टिनटिनचा बाप एर्जेने १९३६ ला काढलेलं, रंगीत छपाईला महाग पडेल म्हणून वापरलंच नाही, आणि प्रकाशकाच्या घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या लहान मुलाला देऊन टाकलं, त्याने सहा घड्या घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. घड्या अजून दिसतात फोटोत. मग जानेवारी २०२२, डॅलसला हेरिटेज या ऑक्शन हाऊसच्या लिलावात आर्टिस्ट माइक झेकचं, मार्व्हलच्या ‘सीक्रेट वॉर्स’ अंक ८ मधलं पंचविसावं पान, स्पायडरमॅनच्या अंगावर काळा ड्रेस चढतो ते, १९८४ चं. ३३ लाख ६० हजार डॉलर. कव्हर नाही बरं का, आतलं एक पान. साधारण २५ कोटी रुपये.

त्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये जे झालं ते बघण्यासारखं होतं. आम्ही सात-आठ जण आहोत, तीन मराठी, बाकी इथलेच, एक सत्तरीचा काका आहे जो १९७५ पासून जमवतोय. पहिला मेसेज, हे वेड्यांचं काम आहे. दुसरा, कुठल्यातरी क्रिप्टोवाल्याने घेतलं असणार (पुरावा शून्य). तिसरा, आता आपल्यासारख्यांनी छंद बंद करावा. पुण्याच्या मित्राने लिहिलं की माझ्या आईने इंद्रजालची अख्खी ट्रंक रद्दीवाल्याला किलोवर दिली, तिचा पण लिलाव करायला हवा. चांगले दोन तास सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या. आणि तिसऱ्या तासाला एकेक जण हळूच विचारायला लागला, माझ्याकडे झेकचं एक पान आहे, साधंच आहे, त्याचं आता किती येईल रे?

मी पण त्यातलाच. सकाळी लिहिलं होतं की हा सट्टा आहे, आणि रात्री मुलगी झोपल्यावर साल बुसेमाची हल्कची पानं अलीकडे कितीला गेली ते बघत बसलो. बघितलं आणि झोप उडाली.

काकांनी मात्र वेगळंच सांगितलं. म्हणाले, तुम्हाला आज धक्का बसतोय, मला दर पाच वर्षांनी बसतो. २०१२ मध्ये मॅकफार्लेन या आर्टिस्टचं ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ अंक ३२८ चं कव्हर ६ लाख ५७ हजार डॉलरला गेलं तेव्हा हेच बोललो होतो. २०१४ मध्ये आर्टिस्ट हर्ब ट्रिम्पचं ‘हल्क’ अंक १८० चं शेवटचं पान, वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसतो ते, तेवढ्याच पैशांना गेलं तेव्हा पण हेच. आणि ते पान ट्रिम्पने १९८३ ला एका पोराला नुसतं देऊन टाकलं होतं! विकणाऱ्याने त्यातला मोठा भाग गरजू कॉमिक कलाकारांना मदत करणाऱ्या संस्थेला दिला म्हणे, ते एक बरं केलं. काकांचं म्हणणं, एकेकाळी या कागदांना कंपन्याच विचारत नव्हत्या, छापून झालं की कुठेतरी गठ्ठे, काही वाटले, काही फाडले, काही चोरीला गेले. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मार्व्हल आणि डीसी पानं कलाकारांना परत द्यायला लागले आणि जॅक कर्बीसारख्या मार्व्हलच्या मोठ्या आर्टिस्टला स्वतःच काढलेल्या पानांसाठी भांडावं लागलं, १९८७ ला मिळाली तीसुद्धा दोन हजारच्या आसपास, काढली होती त्याच्या कितीतरी पट. म्हणून राहिलंय ते थोडं आहे. हे सगळं मला पटलं, पण पटून उपयोग काय, वेताळ ४२५ वर परत येणार होता थोडाच.

शेवटी उन्हाळ्यात हल्क विकायचं ठरवलं. एका ऑक्शन हाऊसला पाठवलं, नाव घेत नाही. त्यांनी फोटो काढून कॅटलॉगला लावेपर्यंत तीन महिने गेले, मध्ये दोन मेलना उत्तर नाही, तिसऱ्याला उत्तर आलं ते दुसऱ्याच कोणाच्या पानाबद्दल. पण विकलं गेलं १४०० ला, दहा टक्के कमिशन जाऊन हातात १२६०. बायकोला सांगितलं १८० चे १२६० झाले. ती म्हणाली, मग भाव वाढले म्हणून शिव्या कोणाला घालत होतास? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भिंतीवर त्या फ्रेमच्या जागी चौकोनी फिकट डाग राहिला, तो मात्र रोज दिसायचा.

दोन महिन्यांनी दुसऱ्या एका लिलावात साय बॅरीची डेली आली. १९७३ मधल्या एका गुरुवारची. तिन्ही चौकटींत वेताळ, मधल्या चौकटीत कवटीची गुहा, तिसऱ्यात गुरान धावत येतोय. ठरवलं, हॅमर, म्हणजे शेवटची बोली, १२०० पर्यंत, वर एक डॉलर नाही. नवीन लोकांसाठी सांगतो, इथेच सगळे फसतात, स्क्रीनवर दिसतो तो आकडा म्हणजे तुमचं बिल नव्हे. त्याच्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शन हाऊस घेणाऱ्याकडून लावतं ते कमिशन, मग पॅकिंग-शिपिंग, मग आमच्याकडे ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. मी एक्सेल शीट करून ठेवलेली.

आधीचे तीन आठवडे ऑनलाइन बोली चालू असते, त्यात काही अर्थ नाही, सगळे दबा धरून असतात. खरा खेळ लाइव्ह सेशनला, आणि ते नेमकं शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. एका खिडकीत मीटिंग, एका खिडकीत लिलाव. माझा लॉट आला, ७०० पासून सुरू. ७५०, ८००, ८५०, भराभर. एक हजारला दोघंच उरलो, मी आणि कोणीतरी. १०५० त्याचा. ११०० माझा. थांबला. फेअर वॉर्निंग, म्हणजे हॅमर पडायच्या आधीची शेवटची सूचना, आली आणि मी श्वास रोखला तोच त्याचे ११५०. मी ‘अरे थांब की रे!’ असं मराठीतून ओरडलो आणि माइक चालू होता. मॅनेजरने विचारलं एव्हरीथिंग ओके? मी म्हटलं येस येस, आणि १२०० दाबले. ते चाळीस सेकंद मला अजून आठवतात, पोटात खड्डा पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्याने १२५० केले असते तर मी १३०० केले असते, एक्सेल शीट गेली उडत.

त्याने केले नाहीत. १२०० ला हॅमर पडला. २० टक्के प्रीमियमचे २४०, शिपिंग ४०, आणि त्या सगळ्यावर टॅक्स, एकूण १५७८ डॉलर. सहा वर्षांपूर्वी ४२५ देणाऱ्याला मूर्ख म्हणालो होतो तोच मी. ग्रुपमध्ये आकडा टाकला तर पहिली प्रतिक्रिया आली, बाप रे, वेडा झालास काय, आणि दुसरी, माझ्याकडे बॅरीच्या दोन डेली आहेत, बरं झालं सांगितलंस.

बोर्ड आला तेव्हा दार बंद करून बघितला. दीड फूट लांब, वीतभरापेक्षा कमी उंच, कडा पिवळसर. छापलेल्या चित्रात कधीच न दिसणारं सगळं त्यात आहे, शाईखाली फिकट निळी पेन्सिल, कारण ती छपाईच्या कॅमेऱ्यात येत नाही, गुहेच्या दारावर पांढऱ्या रंगाचा जाड थर, बोट फिरवलं तर लागेल असा (फिरवलं नाही), आणि कोपऱ्यात कॉपीराइटची छापील चिठ्ठी चिकटवलेली, तिचा गोंद तपकिरी होऊन बाहेर आलाय. वेताळाच्या अंगठीवरची कवटी म्हणजे ब्रशचे चार ठिपके. चारच. मी मोजले.

रात्री साताऱ्याला व्हिडिओ कॉल केला, बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाले, यात रंग कुठंय? आपल्याकडे जांभळा असायचा. मी सांगितलं बाबा रंग नंतर छापताना भरतात. मग किंमत विचारली, मी थोडी कमी करून सांगितली, तरी ते गप्प झाले. परत पट्टीकडे बघितलं आणि विचारलं, हा गुरान एवढा धावत कशाला आलाय? पुढं काय होतं?

मला काय माहीत. पुढचं शुक्रवारच्या पट्टीत असणार आणि ती कोणाच्या घरी आहे देव जाणे. शोधतोय. बायकोला अजून बोललो नाहीये.