पॅरिसच्या रात्रीतला उद्या

भविष्यकाळ पडद्यावर आणायचा म्हटले की चित्रपटवाल्यांच्या अंगात बांधकाम खाते संचारते. काचेचे मनोरे आणि उडत्या मोटारी यांवाचून त्यांचा उद्या उजाडतच नाही. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार यांनी १९६५ साली ‘अल्फाव्हिल’ हा चित्रपट केला तेव्हा त्यांनी यांपैकी काहीच बांधले नाही. त्या काळच्या पॅरिसमधल्याच नव्या काँक्रीटच्या इमारती, हॉटेलांच्या लॉबी, लांबलचक कॉरिडॉर आणि चक्राकार जिने त्यांनी रात्री चित्रित केले, आणि छायाचित्रणकार राउल कुतार यांनी बहुतेक ठिकाणी जागेवर होता तेवढ्याच उजेडावर भागवले. गुप्तहेर लेमी कॉशन तारकांमधले अंतर ओलांडून अल्फाव्हिल या भविष्यातल्या शहरात येतो तोही साध्या मोटारीने, आणि तरी ते आपल्याला पटते, ही मला त्या कृष्णधवल काळोखाचीच करामत वाटते. दिवसा जिच्या दारावरची पाटी आणि समोरची वर्दळ दिसली असती, त्या कचेरीचे रात्री फक्त उजळलेल्या खिडक्यांचे चौकोन उरतात, आणि त्यांवरून गाव ओळखता येत नाही, सालही नाही.

एरवीच्या काळ्या छटेच्या गुन्हेपटांत गुन्हेगार सावलीत दडतो आणि दिवा त्याला उघडा पाडतो. कॉशन झालेल्या एडी कॉन्स्टंटाइन यांचा खडबडीत चेहरा, हॅट आणि ओव्हरकोट हा सरंजाम इथेही तोच आहे. नाते मात्र उलटे झाले आहे. शहरावर राज्य करणाऱ्या आल्फा ६० या संगणकाला गोदार यांनी शरीर दिले ते उघडझाप करणाऱ्या दिव्याचे आणि जाळीमागे फिरणाऱ्या पंख्याचे, म्हणजे कुठल्याही कार्यालयात सापडणाऱ्या सामानाचे! त्यामुळे इथे उजेड हाच पहारेकरी होतो. पडक्या हॉटेलातल्या खोलीत जुना हेर हेन्री डिक्सन भेटतो, तिथे हेलकावणाऱ्या उघड्या बल्बखाली चेहरे क्षणात दिसतात, क्षणात बुडतात. दिव्याने पछाडलेल्या या शहरात हा एकच दिवा मला माणसांच्या बाजूचा वाटतो.

शेवटाकडे आल्फा ६० कोलमडू लागतो तेव्हा काही दृश्ये निगेटिव्हमध्ये येतात, काळ्याचे पांढरे होते. तिथे मात्र गोदार यांनी प्रयोगशाळेची मदत घेतली, आणि ती मला थोडी जास्तच वाटते. भिंती चाचपडत कॉरिडॉरमधून सरकणारी ती माणसे आहेत त्याच उजेडातही तितकीच हरवलेली दिसली असती.