नागभीड ते नागपूर, बत्तीसच्या पिस्तुलासाठी: आमचं काय झालं आणि तुम्ही जाणार असाल तर

मामाजींकडे त्यांच्या वडिलांपासूनची बारा बोरची (बोर म्हणजे नळीचं माप) दुनाळी बंदूक आहे, लायसन्स पीक संरक्षणाचं. या वर्षी धान पोटरीवर आलं तसे डुकरं बांधीत उतरायला लागले आणि जागलीवर ती जड बंदूक घेऊन मचाणावर चढणं मामाजींना जमेना, गुडघे गेलेत. त्यात अमेरिकेतल्या भाच्याने व्हाट्सअपवर व्हिडिओ टाकला, तिकडे लोक जंगलात अस्वलासाठी कमरेला दहा एमएमचं सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते ते, लावून फिरतात. झालं. "अशीच आणाची, कमरेले लावली का झालं," म्हणे. मी सोबत गेलो कारण पैसे मोजायला कोणीतरी पाहिजे.

पहिली चक्कर वाया गेली ते आधीच सांगतो. सकाळच्या बसनं भिवापूर, उमरेड करत नागपूर, शंभरएक किलोमीटर, उतरल्यावर तर्री पोहे खाल्ले आणि दुकानात गेलो तर मामाजींनी पिशवीतून झेरॉक्स काढली. ओरिजिनल लायसन्सची वही घरी पेटीत. दुकानदार म्हणाला ओरिजिनल आणि आधार, दोन्ही नसेल तर काडतूस दाखवायलाही हात लावणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. तिकीट गेलं, दिवस गेला, मामाजी परतताना उमरेडपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात वही घेऊन गेलो. काउंटरवाल्याने वही उघडली आणि पहिलाच प्रश्न टाकला, यात तर बारा बोर लिहिलंय, पिस्तूल कुठंय? म्हणजे लायसन्स असलं की कुठलंही हत्यार घेता येत नाही, वहीत ज्या प्रकारचं हत्यार लिहिलंय तेच. बदल करायचा किंवा दुसरं वाढवायचं तर अर्ज कलेक्टर ऑफिसला, आपण जिल्ह्यातले म्हणून कलेक्टर, नागपूर शहरवाल्यांचं काम पोलिस आयुक्तांकडे. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती, आणि लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. हे घरीच माहीत असतं तर दुसरी चक्करही वाचली असती, पण मग पुढचं पाहायला मिळालं नसतं.

दुकानात गर्दी नव्हती, माणूस बोलका. मामाजींनी मोबाईल काढून भाच्याचा व्हिडिओ दाखवला, तो हसला. म्हणाला दहा एमएम आपल्या काउंटरवर मिळत नाही आणि नऊ एमएम तर प्रतिबंधित बोर, पोलिस आणि फौजेचं. आपल्याला सेमी ऑटोमॅटिकमध्ये हाती येतं ते बत्तीस बोर, म्हणजे ०.३२ इंच नळीचं, सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल किंवा मग बत्तीसचीच रिव्हॉल्व्हर, आता खाजगी कारखान्यांचंही येतं. भाव लाखाच्या घरात.

मग त्याने एक गोष्ट केली ती मला विसरता येत नाही. काचेवर बत्तीस पिस्तुलाची एक गोळी उभी केली आणि तिच्या बाजूला बारा बोरचं एलजी, म्हणजे मोठ्या छर्र्यांचं, काडतूस. गोळी पूर्ण अडीच सेंटीमीटर, पुढचं शिसं हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढं, आणि बाजूचं काडतूस अंगठ्याएवढं जाड. मामाजींनी दोन्ही तळहातावर घेतले, वजन केल्यासारखे वरखाली केले आणि गप्प ठेवून दिले.

आता थोडं आकड्यांचं, मला यातला नाद आहे म्हणून. हे बत्तीसचं काडतूस ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमारास खिशातल्या पिस्तुलासाठी बनवलं, त्याची ताकद साधारण १७० ज्यूल. भाच्याचं दहा एमएम, ते १९८३ चं, ८००-९०० ज्यूल. आणि आपली जुनी दुनाळी दोन हजारच्या आसपास. तिकडचे अस्वलवाले गोळीही वेगळी निवडतात, पोकळ टोकाची अंगात उमलते आणि फार खोल जात नाही म्हणून कडक शिश्याची, सपाट नाकाची, खोल जाणारी. आपल्याकडे बत्तीसमध्ये तांब्याच्या जाकिटाची गोल नाकाची गोळी, निवडायला काय आहे? रानडुकराची खांद्यावरची कातडी हात लावून पाहा, चिखल वाळून चामड्यावर चामडं झालेलं असतं. अशा जनावराला जखमी करून सोडणं म्हणजे सकाळी शेतात आलेल्या बाईच्या अंगावर त्याला धाडणं. आणि अस्वल झुडपातून निघतं ते पाचदहा पावलांवरून, रात्री एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पिस्तूल, सेफ्टी काढेपर्यंत ते छातीवर. सेमी ऑटोमॅटिक हातात ढिलं धरलं तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अडकू शकते, ते वेगळंच.

ज्यांना तरी बत्तीस घ्यायचंच, घरसंरक्षणाला वगैरे, त्यांनी स्लाइड स्वतः ओढून पाहावी. मामाजींच्या बोटात संधिवात, त्यांना ती नीट ओढताच आली नाही, रिव्हॉल्व्हर मात्र जमली. काडतुसं वहीत लिहिली तेवढीच, एकही जास्त नाही, आणि पावती वहीसोबतच ठेवायची. बंदूक सोबत नेत असाल तर रिकामी, खोळीत, काडतुसं वेगळी, आणि लायसन्सचं क्षेत्र पाहून घ्या, कोणाचं फक्त जिल्ह्यापुरतं असतं, आपला चंद्रपूर जिल्हा ओलांडला की अडकले. रस्त्यात करांडल्याचं अभयारण्य आहे, परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही, शॉर्टकट म्हणूनही नाही. निवडणूक लागली की पोलिस स्टेशनला जमा करायला लावतात, २०२४ मध्ये मामाजींनी दोनदा केली, पोच घ्यायला विसरू नका. देशी कट्ट्याचं कोणी कानात सांगितलं तर उठून या.

लायसन्स आहे म्हणून डुक्कर मारता येतं असंही नाही, त्याला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, रेंजरकडे अर्ज. नुकसान झालं तर फोटो काढून लगेच कळवा, पीक काढून टाकल्यावर पंचनामा कशाचा करणार.

शेवटी घेतलं काय, तर दुनाळीसाठी पाच काडतुसं आणि सीताबर्डीवरून दोन मोठ्या बॅटऱ्या. आता जागलीवर मी आणि मामाजी दोघं जातो, पत्र्याचा डबा, बॅटरी, खाली शेकोटी. परवा पहाटे बांधीच्या पलीकडे घुर्र घुर्र झालं, मामाजींनी डबा बडवला, डुकरं गेले. म्हणाले, "भाच्याले व्हिडिओ पाठव याचा." अंधारात काही आलंच नाही त्यात, नुसता डब्याचा आवाज.