दांडगी पोरं आतून घाबरट?

आज मालवणात पालकसभेत नववीतली दादागिरी गाजली. एका पोराचा डबा एसटीत मागच्या सीटपर्यंत फिरवतात, सुकट असली की नाक धरून बोंब. (बोंब मारणारे घरी तीच चाटून खातात!) एक काका म्हणाले, "गो बाय, असली पोरां आतून घाबरट असतत." ऐकायला बरं वाटतं. पण मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून स्वीडन-नॉर्वेत हे तपासलं, तर दादागिरी करणाऱ्यांत भीती, असुरक्षितता सरासरीइतकी किंवा कमीच. नंतरच्या अभ्यासांत ठळक दिसली ती समंजसपणाची आणि दुसऱ्याबद्दलच्या कळवळ्याची कमतरता. सोसणाऱ्यांत चिंता जास्त. पण ती मूळचीच की छळाने आलेली? "स्वभावच तसा" म्हणून विषय मिटवायला मी तयार नाही. बाकीची पोरं खिदळतात म्हणूनच डबा फिरतो. बाईंना म्हटलं, आधी त्या खिदळणाऱ्यांना धरा.