चार जागांचं मशीन, एका दिवसाचा भत्ता

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. चार जागांच्या एका प्रभागात मी केंद्राध्यक्ष होतो. मतदान सुरळीत पार पडलं, पण त्या रात्रीचं भत्तापत्रक अजून डोक्यातून जात नाही.

लोकांना वाटतं, साडेसात ते साडेपाच एवढीच ड्युटी. खरं काम आदल्या सकाळी साहित्यवाटपापासून सुरू होतं. मशीनचे क्रमांक यादीशी जुळवायचे, सील, टॅग, शाई, पाकिटं मोजून घ्यायची, मग बसमधून शाळेत पोचून बाकं सरकवून केंद्र उभं करायचं.

मतदानाच्या दिवशी पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे मशीन तपासायला घेतलेलं चाचणी मतदान. मुंबईत एका प्रभागात एकच जागा, पण आमच्याकडे अ, ब, क, ड अशा चार. प्रत्येक जागेच्या प्रत्येक उमेदवाराचं आणि नोटाचं बटण दाबून बघायचं, निकाल काढून प्रतिनिधींसमोर आकडे जुळवायचे, मग क्लिअर करून सील. केबल जोडताना कंट्रोल युनिट, म्हणजे आमच्या टेबलावरचं मशीन, बंदच हवं. सातला उमेदवारांचे प्रतिनिधी आले नाहीत म्हणून थांबत बसलात, तर साडेसातला रांग तुमच्या दारात उभी असते.

चार जागांच्या मतदानात वेळ खातं ते बीप. चारही मतं दिल्याशिवाय ते वाजत नाही. पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा अशा चार रंगांच्या मतपत्रिका मशीनवर लावलेल्या असतात, तरी म्हातारी माणसं दोन-तीन बटणं दाबून निघतात. त्यांना हाक मारून परत पाठवायचं, आत डोकवायचं नाही, कुठलं बटण दाबा हेही सांगायचं नाही. तोवर रांग खोळंबते आणि लोक आमच्यावर ओरडतात. मतदारांना हे आधी नीट समजावलं गेलं नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

साडेपाचला रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटायच्या. शेवटचं मत पडलं की मशीनवरचं क्लोजचं बटण दाबायचं. मशीनवरचा एकूण आकडा मतदार नोंदवहीशी जुळलाच पाहिजे. सही करून मत न देता गेलेला एक जरी निघाला तरी त्याची वेगळी नोंद लागते. मग सीलबंद पेट्या, पाकिटं, डायरी जमा करायला संकलन केंद्र. तिथे एकाच टेबलापुढे कितीतरी पथकं. एका पाकिटावर सही राहिली की पूर्ण पथक बाजूला. पावती हातात पडेपर्यंत मध्यरात्र उलटली होती.

त्याच रांगेत आमच्या शिपाई मामांनी विचारलं, "सर, यात रात्र धरलीय का?" मी पत्रक पाहिलं. दिवस होते, तासांचा रकानाच नव्हता. एक जागा की चार, याचाही नव्हता. मशीनच्या पेट्या जिने चढवून नेणारे, शाळा उघडणारे आणि शेवटी झाडून बंद करणारे तेच. पत्रकात सगळ्यात कमी रक्कमही त्यांचीच.

भारत निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या, म्हणजे लोकसभा-विधानसभा, निवडणुकांच्या भत्त्याचे दर वाढवले: केंद्राध्यक्षाला दिवसाला ३५० चे ५००, मतदान अधिकाऱ्याला २५० चे ४००, चतुर्थ श्रेणीला, म्हणजे शिपाई वगैरेंना, २०० चे ३५०. पालिका निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग या वेगळ्या आयोगाकडे असतात. पण वाढलेल्या दरातही एकक दिवसच आहे, आणि दिवस कुठे संपतो हे कोणी लिहीत नाही.

अनेक पालिकांत कित्येक वर्षं प्रशासक होते, विषय मांडायला सभागृहच नव्हतं. आता नगरसेवक आलेत. भत्त्याचे दर महासभा ठरवत नसली तरी निवडणुकीचा खर्च पालिकेच्या तिजोरीतून जातो. तेव्हा महासभेने राज्य आयोगाकडे तासांच्या रकान्याची आणि बहुसदस्यीय प्रभागासाठी जादा दराची मागणी ठराव करून पाठवावी. जे तिच्या हातात आहे ते तर लगेच करावं: संकलन केंद्रावर टेबलं वाढवणं, केंद्रावर दोन वेळचं जेवण, मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना घरापर्यंत गाडी, आणि पालिकेच्या कंत्राटी कामगारांना त्या रात्रीचा ओव्हरटाइम.