‘पॅनल गेलं’ म्हणाले, गेले होते कपॅसिटर

बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं आणि दोन सेकंदांत सगळं काळंकुट्ट. हिरवा दिवा मात्र तसाच चालू. बंद करून पुन्हा चालू केला की तेच. १७ इंची, १२८० बाय १०२४चा, जुन्या चौकोनी घडणीचा हा मॉनिटर. माझं काम डीटीपीचं. पुस्तकाचं उभं पान या पडद्यावर जसं बसतं तसं हल्लीच्या लांबट पडद्यांवर बसत नाही, म्हणून मला तोच हवा होता.

दुरुस्तीवाल्यांनी उघडून न बघताच सांगितलं, “पॅनल गेलंय, नवीनच घ्या.” मला काही ते पटेना. पॅनलच गेलं असेल तर दोन सेकंद का होईना, इतकं स्वच्छ चित्र येईल कसं? ना रेघ, ना डाग.

घरी आल्यावर खोलीतला दिवा घालवला, मॉनिटर चालू केला आणि काळा पडल्यावर मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून तिरका धरला. त्या उजेडात डेस्कटॉपवरचे आयकॉन अंधुक दिसत होते. माउस हलवला तर बाणही सरकत होता. एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड फक्त अडवतं किंवा सोडतं. म्हणजे चित्र तयार होत होतं, मागचा उजेड तेवढा विझत होता. कुणाचाही मॉनिटर असा काळा पडला तर भंगारात द्यायच्या आधी एवढं एकदा नक्की करून बघावं. पैसा लागत नाही आणि शंका फिटते.

माझ्या मॉनिटरच्या काळात मागे एलईडी नसायचे, सीसीएफएलच्या, म्हणजे ट्यूबलाइटच्याच जातीच्या पण दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या नळ्या असायच्या. त्या पेटायला हजाराच्या वर व्होल्ट लागतात, पेटल्यावर काहीशे व्होल्टवर चालतात. एवढं व्होल्टेज चढवून देण्याचं काम मॉनिटरच्या आतल्याच इन्व्हर्टर नावाच्या सर्किटचं. त्याला काही गडबड जाणवली की तो सेकंद-दोन सेकंदांत स्वतःच बंद होतो. म्हणजे संशय तिघांवर: नळी, इन्व्हर्टर, नाहीतर इन्व्हर्टरला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. पॉवर सप्लाय तपासणं सर्वांत सोपं आणि स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून.

उघडण्यापूर्वी एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरातली २३० व्होल्टची वीज डीसी झाल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. मी प्लग काढून मॉनिटर रात्रभर तसाच ठेवला. सकाळी मल्टिमीटर लावून व्होल्टेज शून्यावर आलंय याची खात्री केली, मगच बोर्डाला हात लावला. मीटर नसेल किंवा तो वापरायची सवय नसेल, तर इथे जाणकार माणूस सोबत हवाच.

स्टँड काढला की मागचे स्क्रू दिसतात. पुढच्या चौकटीला स्क्रू नाहीत, सगळ्या खाचा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवत नेलं की एकेक खाच ‘टक्’ करून सुटते. वायरी काढायच्या आधी फोटो काढून ठेवले.

पत्र्याचं झाकण काढलं आणि दुखणं समोरच दिसलं. उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला खेटून १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर होते. दोघांची डोकी तव्यावरच्या फुलक्यासारखी फुगलेली, एकाच्या डोक्यावरची फुलीची खाच उकलून तिथे तपकिरी खरपुडी धरलेली. लांबच्या कपॅसिटरांची डोकी सपाट होती. उष्णतेने कपॅसिटरच्या आतला द्रव, इलेक्ट्रोलाइट, वाळतो आणि त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. मग नळ्या पेटल्यावर जोर लागला की व्होल्टेज खचतं आणि इन्व्हर्टर माघार घेतो. अशा कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी कमी असलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ठोकताळा आहे. तरीही ते बोर्डावर सर्वांत तापणाऱ्या जागी बसवतात, याचा मला खरोखर राग येतो.

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात गेलो. “काका, हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट द्या.”

“कशाला लावायचाय?”

“मॉनिटरच्या पॉवर सप्लायला.”

“मग साधा नका नेऊ. लो ईएसआर घ्या, एकशेपाच डिग्रीचा. उंची मोजून आणलीय ना? नाहीतर झाकण बसायचं नाही.”

उंची मोजून नेली होती. त्या बाजूचे बाकीचे कपॅसिटरही तेव्हाच घेतले. बोर्ड उघडलाच आहे तर उद्याचं दुखणं आजच काढलेलं बरं. सगळे मिळून नव्या मॉनिटरच्या किमतीपुढे नगण्यच.

जुनं सोल्डर लवकर वितळत नाही. आधी त्यावर थोडं नवं सोल्डर चढवायचं, मग डिसोल्डरिंगची वात दाबून सगळं शोषून घ्यायचं, म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उचकटत नाही. कपॅसिटरच्या अंगावर पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह. बोर्डावरच्या खुणेपेक्षा मी आधी काढलेल्या फोटोवर भरवसा ठेवला, कारण ती खूण सगळ्या बोर्डांवर सारखी नसते.

सगळं जोडून बटण दाबलं. चिन्ह आलं, डेस्कटॉप आला आणि उजेड टिकला. संध्याकाळपर्यंत मुद्रितशोधनाची पानं त्याच पडद्यावर तपासली. खालच्या कडेला किंचित गुलाबी झाक आहे, ती नळी म्हातारी झाल्याची. ती बदलेन तेव्हा जुनी नळी कचऱ्यात टाकणार नाही, आत पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच देईन. तोवर ब्राइटनेस निम्म्याच्या जरा वर ठेवतो, म्हणजे हीटसिंकही कमी तापतं.