घर समुद्रसपाटीच्या खाली

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या ज्या भागात आम्ही राहतो तो समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा मीटर खाली आहे. त्यामुळे हवामान बदलाचा विषय इथल्या मुलांसाठी पुस्तकापुरता राहत नाही. शाळेची वाट कालव्याच्या कडेनेच जाते. पंचाईत होते ती घरी. पाच, नऊ आणि चौदा वर्षांची आमची तिन्ही पोरं एकाच टेबलावर जेवायला बसतात. थोरलीला दिलेलं उत्तर धाकट्याच्या झोपेवर येतं.

धाकट्याला मी समुद्र वर येतोय वगैरे काहीच सांगत नाही. इथे दरवर्षी अंगणातल्या फरशा उखडायची देशव्यापी स्पर्धा असते, ‘टेगेलविपन’. कोणत्या गावाने जास्त फरशा काढल्या यावर चुरस! फरशी गेली की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, गटारं तुंबत नाहीत, उन्हाळ्यात अंगण कमी तापतं. धाकट्याला त्याचं काय? फरशीखाली गांडुळं निघाली, तो खूश. पाचव्या वर्षी एवढं पुरे, असं माझं ठाम मत आहे.

मधली मात्र ‘बर्फ वितळला की समुद्र वाढतो’ असं पाठ करून आली होती. म्हटलं, बघू या. काचेचे दोन वाडगे घेतले. एकात पाण्यावर तरंगणारे बर्फाचे खडे. दुसऱ्यात एक मोठा दगड, त्याचा माथा पाण्याबाहेर, आणि त्या माथ्यावर बर्फ. दोन्हींवर स्केचपेनने पाण्याच्या पातळीची रेघ मारली. बाईसाहेब टेबलाला हनुवटी टेकवून बसल्या, धाकट्याला हात लावू देईनात. बर्फ विरघळल्यावर पहिल्या वाडग्यातलं पाणी रेघेवरच होतं, दुसऱ्यातलं रेघेच्या वर गेलं. मग ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरच्या बर्फाची चिंता का करतात आणि उत्तर ध्रुवाजवळच्या तरंगत्या बर्फाने पातळी फारशी का वाढत नाही, हे तिनेच मला समजावलं. तापलेलं पाणी फुगतं, त्यानेही समुद्र चढतो, एवढीच भर मी घातली.

तिचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. 2021 च्या फेब्रुवारीत इथले कालवे गोठले होते, लोक त्यावर स्केटिंग करत होते. मग पृथ्वी तापतेय कशी? इथे फ्रीसलँड प्रांतातली स्केटिंगची शर्यत, ‘एल्फस्टेडनटोख्त’, कामाला आली. गोठलेल्या पाण्यावरून अकरा गावं, सुमारे 200 किलोमीटर. त्यासाठी वाटभर निदान 15 सेंटिमीटर जाड बर्फ लागतो. ती शेवटची झाली 4 जानेवारी 1997 ला. एक थंडी म्हणजे हवा, कित्येक हिवाळ्यांचा हिशेब म्हणजे हवामान, हे तिला त्या न झालेल्या शर्यतींवरून पटलं. आणि 2019 च्या जुलैत या थंड देशाने पहिल्यांदाच 40 अंश ओलांडले, तेही सांगून टाकलं.

थोरलीला घेऊन आम्ही मास्लांटकेरिंग बघायला गेलो. समुद्राच्या वादळी लाटेपासून रॉटरडॅम वाचवणारे दोन अजस्र दरवाजे, प्रत्येकी 210 मीटर लांब. सप्टेंबरमध्ये चाचणीसाठी ते मिटवतात तेव्हा माणसं डबे घेऊन बघायला येतात. 2023 च्या डिसेंबरात खरंच पाणी चढलं आणि ते आपोआप मिटले. या साऱ्याच्या मागे 1953 च्या फेब्रुवारीतला पूर आहे. 1836 माणसं गेली त्यात. मोठ्या मुलांपासून हे आकडे लपवू नयेत, पण आकड्यापाशी थांबूही नये. पुढे माणसांनी काय केलं तेही लगेच सांगावं.

तिने मात्र माझ्याच शब्दांत मला पकडलं. “मग 2019 च्या पुरानंतर सांगलीत काय केलं?”

सांगली माझं माहेर. कृष्णा आयर्विन पुलापाशी किती फुटांवर आहे यावर तिथला पावसाळा मोजतात. 45 फुटांना धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर. मी फोन सरळ बाबांना लावून दिला. आजोबा अलमट्टी धरणापासून सुरू झाले ते पूररेषेतल्या बांधकामांपर्यंत, थांबेचनात. नकाशावर निळी रेषा आखलेली असते आणि तिच्या आत बंगले उभे राहतात, हे नातीला काही केल्या समजेना.

“पण मग रेषा कशाला आखली, आजोबा?”

“ते तू इथे येऊन विचार गं,” बाबा म्हणाले.

आता तिथे जायचं म्हणजे विमान आलं, आणि तिचा पुढचा मोर्चा आमच्या दरवर्षीच्या विमानवारीकडे वळला आहे. त्यावर तिच्या वडिलांनी बोलायचं, असं आमच्यात ठरलंय.