जिवंत म्हणून मोजलेली

आमचं काम झाडांवरच्या किड्यांच्या सर्व्हेचं, ते सांगितलं की लोकांना वाटतं जंगलात फिरायचा पगार मिळतो. खरं म्हणजे ऐन थंडीत पाईनची एकेक फांदी खाली ओढून भिंगातून सुयांच्या बुडाशी बघत बसायचं, बोटं बधिर होतात, ग्लोव्हज घातले तर सुया नीट बाजूला करता येत नाहीत. तेही झाडं तोडायच्या आधी कुणालातरी कागद हवा असतो म्हणून.

त्या दिवशी स्कॉट्स पाईनचा एक पट्टा होता, विरळणीसाठी खुणा केलेला. या झाडाच्या सुया दोन-दोनच्या जोडीने येतात आणि शेंड्याच्या कळीभोवती इतक्या दाट असतात की आत वारा शिरत नाही, पाणीही सुयांवरून निथळून जातं. तिथेच ढालकिडे बसलेले. लेडीबर्ड हो, लाल, पाठीवर सात ठिपके. डोकी आत कळीकडे, पाय पोटाशी, एकमेकांना खेटून. वरून बघितलं तर काहीच दिसत नाही, सुया फाकवल्या की एकदम लाल.

गंमत म्हणजे हा सात ठिपकेवाला काही पाईनचा रहिवासी नाही. उन्हाळाभर तो खाली गवतात, पिकांवर मावा खात फिरतो आणि दिवस लहान व्हायला लागले, मावा संपत आला की आडोसा शोधत इकडे येतो. आणि जो खरा पाईनवर राहणारा, तो मोठा, ठिपक्यांभोवती फिकट कडी असलेला आयड लेडीबर्ड, तो थंडीत झाड सोडून खाली पाचोळ्यात नाहीतर मातीत जातो! आमचे सर्व्हे उन्हाळ्यात ठरतात, त्यामुळे फॉर्मवर झाडापुढे आयड लेडीबर्ड लिहिला जातो आणि हे हिवाळी भाडेकरू कुणाच्या खिजगणतीतच नसतात. फॉर्ममध्ये कॉलमच नाही. कितीदा सांगितलं.

दुसरा राग बीटिंगचा. फांदीखाली कापड धरून काठीने ठोकायचं आणि पडेल ते मोजायचं, उन्हाळ्यात झकास पद्धत. पण थंडीत खाली पडलेला ढालकिडा परत वर चढू शकत नाही, ओल्या पाचोळ्यात पडून राहतो आणि थंडीपेक्षा ओलच त्याला जास्त मारते, कारण बुरशी धरते. शेतकरी जी बिव्हेरिया बॅसियाना किडींवर फवारतात तीच. त्याच झाडाच्या खोडावर, ओलसर बाजूच्या सालीच्या फटीत मला तसे मेलेले सापडले, पंखांच्या सांध्यातून पांढरी बुरशी बाहेर आलेली. शेंड्यावरचे मात्र कोरडे ठणठणीत. म्हणून मी हातानेच शोधते, वेळ लागतो, लागू दे.

आता जे डोक्यातून जात नाही ते. आमच्यासोबत एक नवीन मुलगा होता, उत्साही, पण विचारायची सवय नाही. त्याने एक अख्खा शेंडा डबीत घालून हीटर लावलेल्या गाडीत ठेवला, ऑफिसात फोटो काढायला. अर्ध्या तासात सगळे जागे होऊन डबीत फिरायला लागले. बाहेर ते थंड असतात तेच बरं असतं. हिवाळ्याआधी चरबी आणि ग्लायकोजेन साठवलेलं असतं, त्यावर वसंतापर्यंत काढायचं असतं, पोटही रिकामं केलेलं असतं कारण आत अन्नाचे कण राहिले तर त्याभोवती बर्फ धरायला लागतो. उबेत ती साठवण भराभर जळते आणि बाहेर खायला मावा तर नाहीच. त्याला झापलं, पण आता परत नेऊन सोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून साखरपाण्याचा बोळा घालून डबी टेबलावर ठेवली.

काही दिवसांनी त्यातली एक हलेना. खाली बघितलं तर पायांच्या मध्ये तपकिरी रेशमी कोश, आणि ती त्याला मिठी मारल्यासारखी बसून मधूनच थरथरतेय. डिनोकॅम्पस! बारीक परोपजीवी गांधीलमाशी, जवळजवळ सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात. अंडं शरद ऋतूतच तिच्या पोटात पडलं असणार. आतली अळी हिवाळाभर लहानच राहते, ढालकिडा झोपलेला तोवर तीही थांबलेली, तो जागा झाला की ती वाढते, पोटाच्या खालून बाहेर पडते आणि त्याच्याच पायांत कोश विणते. वर लाल रंगाचा पहारा, लाल म्हणजे कडू हे पक्ष्यांना माहीत असतं. काही ढालकिडे तर यातूनही वाचतात.

म्हणजे त्या शेंड्यावर पाईन फक्त ढालकिड्यांना सांभाळत नव्हता. मी तिला भिंगाखाली बघितलं होतं, पाय ओढून घेत होती, बाकीच्यांसारखीच टवटवीत. बाहेरून ओळखायची काही खूणच नाही. मग ज्या फांद्या मी न हलवता सोडून आले, त्यांच्यातल्या किती जणींच्या पोटात हे असेल? कापून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि कापायचं तर मग वाचवायचं कशाला.

रिपोर्टमध्ये मी तिला "जिवंत" मध्येच धरलं, कारण फांदीवर होती तेव्हा जिवंतच होती, आणि पुढे शेरा लिहिला, आत परोपजीवी अळी. साहेबांनी आकडा ठेवला आणि शेरा काढला, क्लायंट गोंधळेल म्हणे. क्लायंटला फक्त झाडं कधी तोडायची एवढंच हवं होतं. मी वसंतानंतर लिहिलंय.